तिसरा नकार

जेवणाच्या आठ दिवस आधी मी वाली मामांना पत्र लिहिलं. तीन वाक्यांचं. 'जेगानच्या वर्षाच्या मिस्सानंतर तुम्ही मला लातीरसाठी मागणार आहात असं कानावर आलं. मी लातीरशी लग्न करणार नाही. कृपया जेवणाच्या दिवशी हा विषय काढू नये.' खाली तारीख आणि सही. जेगान माझा नवरा, वर्षापूर्वी वारला; मिस्सा म्हणजे त्याच्या आठवणीची चर्चमधली प्रार्थना. मी जोआलच्या मासळी धक्क्यावर तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, कागद तिथलाच होता.

वाली मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. सासरच्या घरात शेवटचा शब्द मामाचा. त्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी ते पत्र माझ्या नणंदेकडून, दिबोरकडून, वाचून घेतलं. दिबोरने ते पुलापलीकडच्या सासरच्या गावी, फादियूतच्या चौकात, गोरखचिंचेखालच्या बाकावर, मोठ्याने वाचलं. तिथे वीसेक माणसं बसली होती.

"अगं, 'कृपया' ऐकून मामा बाकावरून पडायचेच राहिले होते," दुसऱ्या दिवशी दिबोर मला सांगत होती. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. "म्हणाले, या जोलांना थट्टा शिकवावी लागत नाही. सहीसुद्धा केलीय म्हणे, शिक्का तेवढा राहिला!"

"दिबोर, ते मी खरं लिहिलं होतं."

"तर! खरं वाटावं म्हणूनच तर तीन वाक्यांत लिहिलंस. दहा वाक्यं असती तर कुणी हसलं नसतं."

मी जोला आहे, दक्षिणेकडची, कासामान्सची. माझं सासर सेरेर. आम्ही भातखाऊ, ते बाजरीखाऊ. या दोन जमातींचं नातं थट्टेचं. फार पूर्वी दोन बहिणी एका होडीतून चालल्या होत्या, होडी मधोमध फुटली, एक उत्तरेला लागली आणि एक दक्षिणेला. एकीचे सेरेर झाले, दुसरीचे जोला. तेव्हापासून जोला आणि सेरेर भेटले की एकमेकांना गुलाम म्हणतात, चोर म्हणतात, खादाड म्हणतात, आणि कुणी रागवायचं नसतं. बाजारात, दवाखान्यात, मयताच्या घरीसुद्धा. धाकट्याने थोरल्याला म्हटलं तरी चालतं. माझ्या लग्नाला वीस वर्षं होत आली, पण सासरच्या एकाही माणसाने माझं नाव घेऊन मला हाक मारलेली नाही. माझं नाव ओनोरीन बासेन. तिथे मी 'ए जोला'.

आणि मला ते आवडायचं, हे इथेच सांगून टाकते. मी कमी बोलणारी बाई. नव्या घरात काय बोलावं, किती बोलावं, हे मला कधीच कळलं नसतं. थट्टेने तो प्रश्न सोडवला. एकदा दिबोरच्या हातून उकळतं तेल माझ्या मनगटावर सांडलं. ती म्हणाली, "जोलांची कातडी जाड असते, काही होत नाही." आणि पुढचे तीन आठवडे रोज लाकडी पुलावरून चालत येऊन तिने माझं पाणी भरलं, धुणं धुतलं, पट्टी बदलली. माफी मात्र मागितली नाही. आमच्यात ती मागत नाहीत. मामा सांगतात, होडी फुटली तेव्हा चूक कोणत्या बहिणीची हे ठरलंच नाही. म्हणून माफी कुणीच मागायची नाही.

पत्राचं असं झाल्यावर मी पाद्रीबाबांकडे गेले. तेही सेरेरच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "जोला बाई, निदान पापनिवेदनाच्या खोलीत तरी खरं बोलावं."

त्यांचाही दोष नव्हता. माझं लग्न त्यांनीच लावलं होतं, आणि त्या वेळी काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. सासरच्या घराण्यात जोला मुलगी करून आणायची तर मामाने तिला तीनदा मागायचं आणि तिने तीनदा नाही म्हणायचं, दर वेळी आधीपेक्षा मोठी शिवी घालून. तिसऱ्या नकाराला बायका किलकाऱ्या मारतात आणि लग्न ठरतं. मी पहिल्यांदा म्हणाले होते, तुमची बाजरी चावून माझे दात झिजतील. दुसऱ्यांदा म्हणाले, हा रात्रीतून माझ्या आईची भांडी चोरेल. तिसऱ्यांदा म्हणाले, याच्यापेक्षा पाणघोड्याशी लग्न करीन. चोवीस वर्षांची होते, जेगानवर जीव होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर मोठ्याने बोलत होते. ती पाणघोड्याची गोष्ट फादियूतमध्ये अजून सांगतात.

तर माझं 'नाही' हे असं होतं. त्या घरात सगळ्यांना माहीत असलेलं, आवडणारं, चांगल्या शकुनाचं.

मिस्सा सकाळी सातला झाला. सासूबाईंनी, निलान आईंनी, चर्चच्या मागच्या खोलीत माझे काळे कपडे उतरवून घेतले आणि स्वतः आणलेलं निळं कापड मला गुंडाळलं. गाठ मारताना म्हणाल्या, "वर्षभर कावळा दिसत होतीस. आता निदान बगळा दिसतेस." मग माझ्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्यांचाही मुलगाच गेला होता. मला तेव्हाच बोलायचं होतं, पण त्यांचा हात पाठीवर असताना बोलता येईना.

शोक सोडलेल्या बाईने त्या दिवशी आपल्या घरी सासरच्यांना समुद्राचं जेवण घालायचं, ही त्यांच्या घरची रीत. समुद्र आणि खाडी देईल ते सगळं एका परातीत, बाजरीवर. माझी मुलगी ओदील डाकारला बारावीच्या परीक्षेत अडकली होती, तिने फोन करून विचारलं, "आई, कालवं करणार आहेस ना? माझ्या वाटची खा." तिला मी लातीरबद्दल काही सांगितलं नव्हतं. परीक्षा संपेपर्यंत सांगणार नव्हते.

ओहोटी अकरा चाळीसला होती. दिबोर आणि मी खारफुटीत जाऊन मुळांवरची कालवं तोडून आणली. तिसऱ्यांचे शिंपले आदल्या दिवशीच आणून पोटातली वाळू सोडायला खाऱ्या पाण्यात ठेवले होते. हेकरू मासा मी धक्क्यावरून स्वतः निवडला, चार किलो तीनशे ग्रॅमचा, कल्ले लाल, डोळा फुगीर. कोळंबी होती. मोठ्या शंखाचं वाळवलेलं मांस होतं, ज्याच्या वासाने शेजारची मांजर दारात येऊन बसली. हेकरूला चिरा देऊन त्यात लसूण-मिरचीचं वाटण भरलं, आणि बाजरीच्या वाफवलेल्या कण्यांत गोरखचिंचेच्या पानांची पूड मिसळली. पाच माणसांना हे फार होतं, पण कमी केलेलं चालत नाही.

दिबोर कालवं फोडत होती. चाळीसेक झाल्यावर मी म्हणाले, "मी लातीरशी लग्न करणार नाही."

"बरं."

"मी थट्टा करत नाही, दिबोर."

"जोला," ती सुरी न थांबवता म्हणाली, "गुलामाला कुणी विचारतं का? मालक ठरवतील, तू भात खा. आणि हे असलं आत्ताच बोलून संपवू नकोस, संध्याकाळी मामांसमोर काय बोलशील मग? पाणघोडा जुना झाला. या वेळी काहीतरी नवीन काढ. लोक विचारतायत."

मी माशाच्या पाठीत प्रयोगशाळेतला तापमापक खुपसला.

"माशाला ताप आहे का गं?" दिबोर म्हणाली.

"त्रेसष्ट अंश आला की शिजतो."

"अरे देवा. लातीरलाही असंच तपासून घे आधी."

हसू मला आलंच. तेच तर व्हायचं. मी हसले की माझं आधीचं बोलणं पुसलं जायचं, आणि न हसता राहणं मला जमत नव्हतं, कारण ती खरंच विनोदी होती.

लातीर म्हणजे जेगानचा धाकटा भाऊ. मी घरात आले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. शाळेच्या वहीत त्याला मी बेडकाच्या हृदयाची आकृती काढून दिली होती, तीन कप्पे, रंगीत पेन्सिलीने. त्याला गोवर आला तेव्हा रात्री त्याच्या कपाळावरचं फडकं मीच बदललं. आता तो तेहतीस वर्षांचा आहे, स्वतःची होडी आहे, लग्न केलेलं नाही. जेगान गेल्यापासून दर रविवारी येऊन माझ्या घरातलं काहीतरी दुरुस्त करायचा. छपराचा पत्रा, नळ, फळी. मी त्याला भाऊ समजून चहा द्यायचे. तो तो चहा काय समजून पीत होता हे मी कधी पाहिलं नाही. तो माणूस वाईट असता तर सगळं सोपं होतं.

बाकीचे सहाला आले. बाहेर वाऱ्याबरोबर वाळू उडत होती म्हणून पुढच्या खोलीत चटई घातली आणि दार ओढून घेतलं. खोली साडेतीन मीटर बाय तीन. मधे परात, भोवती पाच बैठे स्टूल, गुडघ्याला गुडघा. मामा दाराला पाठ लावून बसले. माझ्या डावीकडे निलान आई, उजवीकडे लातीर, समोर दिबोर. परात हलू नये म्हणून यजमानीण डाव्या हाताने तिचा काठ धरते. तसा मी धरला. उजव्या हाताने मासा मोडून प्रत्येकाच्या समोर तुकडे सरकवायचे. थोरलं माणूस उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

"भात केलाय का लपवून?" मामांनी परातीकडे पाहून विचारलं.

"नाही, मामा."

"खोटं बोलते. पलंगाखाली बघ रे लातीर, पातेलं असेल."

"दादा, जोला बाई भाताशिवाय झोपत नाही," निलान आई म्हणाल्या. "जेगान सांगायचा, झोपेतसुद्धा शितं मोजते."

"आणि सेरेर लोक झोपेतसुद्धा शेजारच्याची कोंबडी धरतात," मी म्हणाले. वीस वर्षांची सवय. सगळे खूश झाले. लातीर हसताना त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला आणि त्याने तो घाईने बाजूला घेतला. परातीभोवती तेवढी जागा नव्हती. थोड्या वेळाने तो पुन्हा लागला.

मी त्याच्या समोर हेकरूच्या पाठीचा तुकडा ठेवला. मामांना डोकं. निलान आईंना पोटाकडचा मऊ भाग, कारण त्यांना दात थोडे.

"कालवं कच्ची आहेत," निलान आई म्हणाल्या.

"बाजरी चिकट," मामा म्हणाले.

"मीठ नाही," दिबोर म्हणाली आणि तिसरा घास घेतला.

घरात येणारा वारा बंद होता. कोळशाची धग मागच्या दारातून येत होती. मी बाजरीचा गोळा करून तोंडात घातला आणि तो कितीतरी वेळ चावत राहिले.

मामांनी मागणी घातली ती जेवणाच्या मध्यावर. तीही रीतच आहे. हाताला अन्न लागलेलं असताना विचारायचं, म्हणजे रागाने कुणी उठून जात नाही. उष्ट्या हाताने कुठे जाणार?

"जोला," ते म्हणाले, "आमची एक होडी वर्षभर किनाऱ्यावर पालथी पडली आहे. ऊन खाते आहे. लातीर म्हणतो, मी तिला पाण्यात घालतो. तू काय म्हणतेस?"

माझ्या लग्नाच्या वेळीही होडीच होती. तेव्हा ती नवी होती.

"नाही, मामा."

"एक!" दिबोर ओरडली आणि परातीच्या काठावर बोट आपटलं. "पण शिवी कुठाय? नुसतं 'नाही' काय, शिवी घाल! लाजतेय बघा."

"लाजू दे," निलान आई म्हणाल्या. "जुनी होडी सावकाश लोटावी."

मामांनी बोटं चाटली. त्यांना मजा येत होती. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाच्या डोळ्यांत अगदी पोरकट आनंद होता. ते पुन्हा म्हणाले, "होडी काही बोलली, पण समुद्राला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारतो. काय म्हणतेस?"

मी परातीचा काठ सोडून हात मांडीवर घेतला. आवाज खाली ठेवला. प्रयोगशाळेत एखाद्याची सगळी मासळी नाकारायची असते तेव्हा मी अशीच बोलते, माणसाकडे पाहून आणि कारण देऊन.

"मामा, मी थट्टा करत नाही. लातीर चौदा वर्षांचा असताना मी या घरात आले. त्याच्या वहीत बेडकाचं हृदय मी काढून दिलंय. तो मला भावासारखा आहे. मी त्याची बायको होऊ शकणार नाही."

परातीतले हात थांबले. मला वाटलं, पोचलं.

"बेडकाचं हृदय!" दिबोरने किंकाळी फोडली. "ऐकलंत? आमच्या भावाला बेडकाचं हृदय आहे म्हणते! दोन! मामा, दोन! ही पाणघोड्यापेक्षा भारी आहे!"

निलान आई हसता हसता डोळे पुसत होत्या, मनगटाने, कारण बोटांना तेल होतं. "चेहरा बघा तिचा! कशी गंभीर! नाटकात घाला हिला." मामांचे खांदे हलत होते. लातीरही हसला, पण सगळ्यांच्या नंतर, आणि समोरच्या बाजरीचा जो गोळा तो करत होता तो त्याने मोडला आणि पुन्हा करायला घेतला.

तेव्हा मला हिशेब कळला. इतके दिवस मी समजत होते की माझं 'नाही' वाया जातंय. ते वाया जात नव्हतं. ते मोजलं जात होतं. मी जितक्या स्पष्टपणे नाही म्हणत होते तितकी मी लग्नाच्या जवळ येत होते. आता एकच उरलं होतं. ते म्हटलं की दिबोर आणि निलान आई किलकारी मारतील, ती भिंतीपलीकडे ऐकू जाईल, शेजारच्या बायका उत्तर देतील. येत्या रविवारी पाद्रीबाबा वेदीवरून लग्नासाठी आमची नावं वाचतील. त्यानंतरचा नकार हा नकार नसतो, तो सगळ्या घराण्याच्या तोंडावर मारलेला हात असतो.

काही न बोलले तर? न बोलणं म्हणजे होकार, हे तर जगात सगळीकडेच आहे. उठून जावं तर दाराला मामांची पाठ. रडले असते तर निलान आई म्हणाल्या असत्या, बघा, नाटक. मी वाक्य शोधत होते आणि जे वाक्य सापडायचं त्यावरचं त्यांचं हसणं मला आधीच ऐकू यायचं.

मामांनी आवाज खाली आणला. तिसऱ्यांदा विचारताना हसत नाहीत. "जोला. होडी ऊन खाते आहे. लातीर उभा आहे. शेवटचं विचारतो. काय म्हणतेस?"

दिबोरने किलकारीसाठी मान मागे घेतली होती. तिची जीभ टाळूला लागलेली मला दिसत होती.

"मामा," मी म्हणाले, "मला माफ करा."

कुणाला कळलंच नाही. मामांनी कान पुढे केला.

"काय म्हणालीस?"

"मला माफ करा, मामा. आई, तुम्हीही मला माफ करा. वन्सं, तुम्हीसुद्धा. लातीर, तूही. तुझी माफी तर सगळ्यात जास्त मागते."

दिबोरचं तोंड उघडंच राहिलं होतं. ते तिने मिटलं. मी तिला आजवर वन्सं म्हटलं नव्हतं, तुम्ही तर नाहीच.

"ए," ती म्हणाली. "ए, असं नाही बोलायचं. हे नसतं यात. मागे घे."

मी परातीचा काठ पुन्हा डाव्या हाताने धरला.

"मागे घे ना गं. बरं, तिसरी शिवी नको घालूस. मला घाल. चोर म्हण मला. बाजरीखाऊ म्हण." तिने परातीवरून वाकून माझं मनगट धरलं, भाजल्याचा डाग होता तिथेच. तिची बोटं तेलकट आणि गरम होती. "जोला, म्हण ना. एकदाच म्हण."

ते म्हणणं किती सोपं होतं. जिभेवर होतं. म्हटलं असतं तर ती हसली असती, सगळं पुन्हा सुरू झालं असतं, आणि मी पुन्हा आत गेले असते. मी परातीतल्या कालवांकडे पाहत राहिले.

मामांनी परातीतून हात काढून घेतला. त्यांनी काढला म्हणून सगळ्यांनी काढला. थोडा वेळ पाच उष्टे हात तसेच हवेत होते.

"आम्ही तुम्हाला दुखावलं का?" मामांनी विचारलं. मला. तुम्ही म्हणून.

"नाही, मामा. मी दुखावते आहे."

"म्हणजे मघाची दोन्ही 'नाही' खरी होती?"

"हो."

"आणि ते पत्र?"

"पत्रही."

मामांनी मान खाली घातली. त्यांच्या दाढीला बाजरीचा एक कण चिकटला होता. नेहमी असता तर मी म्हणाले असते, मामा, उद्यासाठी राखून ठेवलाय का? "ते पत्र मी चौकात वाचून घेतलं," ते म्हणाले. "वीस माणसांत." मग निलान आईंकडे वळून जरा मोठ्याने, जणू त्यांना ऐकू येत नसावं, "एका बाईने लिहून कळवलं होतं, आणि आम्ही ते चौकात वाचलं."

"आम्हाला काय माहीत," निलान आई म्हणाल्या. रागावल्या होत्या की घाबरल्या होत्या, मला सांगता येत नाही. "ती पहिल्यापासूनच अशी. कधी हसते, कधी नाही, कळतच नाही."

मी लातीरकडे पाहिलं. त्याने तो गोळा अजून हातात धरला होता. त्याला सुटल्यासारखं वाटलं असेल, किंवा वर्षभराचे रविवार आठवत असतील. हे मोजायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. त्याने गोळा परातीच्या काठावर अलगद ठेवला आणि म्हणाला, "मी कधी हो म्हटलं नव्हतं, वहिनी. नाहीही म्हटलं नव्हतं."

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले. पण मला ठाऊक नव्हतं.

"विषय संपला," मामा म्हणाले आणि उठले. दारामागच्या बादलीतून मी सगळ्यांच्या हातावर पाणी घातलं. दिबोरने हात पुढे केले तेव्हा ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पुरे, पुरे. धन्यवाद." निलान आईंनी डोक्यावरचं कापड सारखं केलं. उंबऱ्यात थांबून म्हणाल्या, "कालवं चांगली झाली होती." मामांनीही मान हलवली. "फार चांगली. तुम्हाला त्रास झाला असेल एवढं करायला."

अर्धीअधिक परात शिल्लक होती. एरवी दिबोरने विचारल्याशिवाय डबे भरले असते, वर मला चिक्कू म्हणाली असती. त्या दिवशी कुणीच डबा मागितला नाही, आणि मलाही द्यायचा धीर झाला नाही. ते पुलाकडे निघाले. वाळू उडत होती, म्हणून चौघांनीही चेहरे झाकून घेतले. मी दार लावलं. खोली आता मोठी वाटायला हवी होती.

अकरा दिवसांनी लातीरची होडी धक्क्याला लागली. तारली मासळी होती, साठेक पेट्या. एरवी तो दुरूनच ओरडायचा, "ए जोला, खाऊ नकोस, नुसती तपास!" आणि सगळा धक्का हसायचा. त्या दिवशी तो रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा त्याने टोपी काढली.

"नमस्कार, मॅडम."

मी तीन पेट्यांत तापमापक घातला. तीन पूर्णांक आठ, चार, तीन पूर्णांक नऊ. बर्फ भरपूर होता, मासळी उत्तम होती. मागे माणसं थांबली होती. मला वाटलं, कुणीतरी सुरुवात करायला हवी, आणि मोडलं मी आहे तर जोडायचंही मीच. मी घसा साफ केला. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"काय रे सेरेर," मी म्हणाले, "आज कुणाचं जाळं चोरलंस?"

लातीर माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, किंवा मला तसं वाटलं. मग त्याने शर्टाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली, तिची घडी उलगडली आणि दोन्ही हातांनी कागद माझ्यापुढे धरला.

"नाही, मॅडम," तो म्हणाला. "परवाना आहे."

मी तो वाचला. होडीचा नंबर बरोबर होता, तारीख बरोबर होती. मी सही केली.